बालकाचें पहिलें अक्षर : जुनी रीत आणि नवी रीत

घरांत मूल चार वर्षांचें होतें न होतें तोंच त्याच्या विद्यारंभाविषयीं दोन पक्ष उभे राहतात. आजोबा म्हणतात, ‘आधीं मुळाक्षरें घोटूं द्या, बाराखडी मुखोद्गत होऊं द्या.’ सूनबाई म्हणतात, ‘शाळेंत शब्दांवरून अक्षर शिकवितात, घरीं निराळें सांगूं नये.’ बालक बिचारें दोहोंच्या मध्यें सांपडतें. म्हणून ह्या दोन्ही रीतींतील तारतम्य वाचकांपुढें ठेवावें, असें आम्ही योजिलें आहे.

पंतोजींच्या काळीं लांकडी पाटीवर धूळ पसरून तींत मुलाकडून अक्षर काढवून घेत. चुकलें तर हात फिरवून धूळ सारखी करावयाची व पुनः काढावयाचें. पुढें बाराखडी, जोडाक्षरें आणि एका सुरांत उजळणी. ह्या रीतीनें पाठांतर पक्कें होई. परंतु अर्थवान् शब्द हातीं येईपर्यंत फार काळ लोटे, आणि तोंवर मुलास उत्साह कसला, तर छडीच्या धाकाचा! हा तिचा मोठा दोष होय.

मारिया माँटेसरी ह्या विदुषींनीं इ. स. १९०७ मध्यें रोम शहराच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून त्यांवरून मुलानें बोट फिरवावें व त्याच वेळीं उच्चार करावा, अशी त्यांची योजना. इकडे भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साह्यानें १९४५ मध्यें बोर्डी येथें हीच दृष्टि खेड्यांतील मुलांपर्यंत नेली. १९५७ मध्यें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महागड्या साहित्याचें काम तेथें खडे, बिया व पानें यांवर भागविण्यांत आलें.

नीट पाहिलें तर धूळपाटी आणि खरखरीत अक्षर ह्यांतील मर्म एकच आहे. नेत्र, बोट व जिव्हा ह्या तिहींनीं एकदम अक्षर ग्रहण करावयाचें. भेद आहे तो क्रमाचा. आपली वर्णमाला कण्ठ्य, तालव्य अशा उच्चारस्थानांनीं रचिलेली आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें तिला तोड नाहीं. परंतु तींत पांचव्या व दहाव्या व्यंजनास, म्हणजे ङ आणि ञ यांस, बालकाच्या बोलण्यांतला एकहि शब्द सुरू होत नाहीं. उलट ग, म, न, र एवढीं चार अक्षरें आधीं दिलीं, तर मगर, नगर, गरम, नरम हे शब्द मूल थोडक्या दिवसांत स्वतः वाचूं लागतें. ‘मला वाचतां येतें’ हा आनंद कोणत्याहि बक्षिसाहून मोठा आहे.

तथापि नव्या रीतीच्या अतिरेकासहि आमची संमति नाहीं. चित्राखालचा सबंध शब्द दाखवूनच थांबलें, तर मूल चित्र पाहून ‘कमळ’ म्हणतें. चित्र झांकलें कीं गप्प! इंग्रजी शिकविण्याविषयीं अमेरिकेंत हाच वाद दीर्घकाळ चालला, आणि २००० सालीं तेथील राष्ट्रीय वाचन मंडळानें अक्षरांचे ध्वनि पद्धतशीर शिकविणें हितावह, असा निर्वाळा दिला. आपल्याकडे तर अक्षराचें नांव आणि त्याचा ध्वनि बहुतेक एकच. ही केवढी सोय! शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांचा नियम एका व्यंजनावर समजला कीं तो सर्वांस लागू पडतो. ह्रस्व इकार मात्र ऐकूं येतो मागून व लिहावा लागतो आधीं. तेथें मुलें अडखळतात, आणि तेथेंच बाराखडीचा सराव उपयोगीं पडतो.

तात्पर्य, क्रम नवा घ्यावा आणि सराव जुना ठेवावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाचा एकच पाया मानिलीं आहेत. तेव्हां चौथ्या वर्षीं पेन्सिलीसाठीं बोटें पिळण्याची घाई नको. घरांतील वडील मंडळींनीं शाळेचा अक्षरक्रम विचारून घ्यावा व सर्वांनीं तोच चालवावा. आजोबांनीं रोज एक गोष्ट वाचून दाखवावी, आजीबाईंनीं परातींत रवा पसरून त्यावर अक्षर गिरवून घ्यावें. महिन्याकांठीं चित्राविना एक अनोळखी शब्द पुढें ठेवावा. मूल तो जुळवून वाचील तर रीत योग्य समजावी. न वाचील तर रागें भरूं नये, दोन पावलें मागें यावें. उशीरां आलेलें अक्षर भरून काढतां येतें. एकदां बसलेली पुस्तकाची धास्ती मात्र सहजासहजीं निघत नाहीं.