अरुंद चॅनेलची वाटचाल

वायफायचा इतिहास बहुतेक वेळा वाढत्या रुंदीचा म्हणूनच सांगितला जातो. २० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलचे ४० झाले, मग ८०, १६० आणि आता ३२०. पण याच वीसेक वर्षांत काही मंडळी साधेच राउटर घेऊन चॅनेल १० आणि ५ मेगाहर्ट्‌झपर्यंत आवळत होती. लांबच्या गावापर्यंत जोडणी पोहोचवायची असेल, तर मला हीच वाट जास्त मोलाची वाटते.

लिंक्सिसने २००३ साली डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या फर्मवेअरचा सोर्स कोड खुला केला आणि २००४ साली राउटरसाठीच्या खुल्या फर्मवेअरचा ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. राउटरच्या पोटात काय चालते, हे लोकांना पहिल्यांदाच बघता आणि बदलता येऊ लागले. त्याच वर्षी जपानच्या ४.९ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठीच्या ८०२.११जे मानकात १० मेगाहर्ट्‌झचे चॅनेल आले. एथेरॉसच्या त्या काळातल्या चिपमध्ये ही सोय होतीच.

युक्ती साधी आहे. रेडिओचे घड्याळ चौपट संथ करायचे. ४ मायक्रोसेकंदांचे सिम्बॉल १६ मायक्रोसेकंदांचे होते, ५४ मेगाबिटचा कमाल वेग १३.५ वर येतो आणि २० ऐवजी ५ मेगाहर्ट्‌झ जागा पुरते. वेग गमावला, पण त्या बदल्यात जे मिळते ते डोंगराळ मुलखात सोन्यासारखे आहे. रिसीव्हरमध्ये शिरणारा गोंगाट ६ डेसिबलने घटतो. मोकळ्या हवेत याचा अर्थ दुप्पट अंतर. शिवाय दोन सिम्बॉलमधली मोकळीक ०.८ वरून ३.२ मायक्रोसेकंदांवर जाते. कड्यावर आपटून मागाहून येणारा सिग्नल आधी सुमारे २४० मीटरपेक्षा जास्त वळसा घालून आला की घोळ व्हायचा. आता जवळपास एक किलोमीटरचा वळसाही खपून जातो.

हे सगळे ठोकताळ्यांवर चालले होते, त्याला २००८ साली भक्कम आधार मिळाला. रणवीर चंद्रा, रतुल महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगकॉम परिषदेत निबंध मांडला: चॅनेलची रुंदी कायमची ठरलेली कशाला, गरजेनुसार बदलू द्या. अरुंद चॅनेलवर पल्ला वाढतो आणि वीजही कमी लागते, हे त्यांनी बाजारात मिळणाऱ्या कार्डांवर मोजून दाखवले. राउटर बनवणाऱ्यांनी तो निबंध तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवा होता.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एथेरॉस चिपच्या एथ९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या रेडिओसाठी ‘चॅनबीडब्ल्यू’ हा पर्याय आहे. त्यात ५ किंवा १० लिहायचे, रेडिओ पुन्हा सुरू करायचा. फोनच्या यादीतून नेटवर्क त्या क्षणी नाहीसे होते, कारण साध्या वायफायला ही संथ बोली कळत नाही. लिंक चालू असताना रुंदी बदलायची, तर आधी पलीकडच्या टोकाची बदलायची आणि मग आपल्याकडची. क्रम चुकला की पलीकडचा राउटर हाताबाहेर जातो आणि कुणाला तरी टॉवर चढावा लागतो. लिनक्सच्या मूळ वायफाय भागात या रुंद्या २०१३ साली आल्या, तोवर हे काम पॅच लावूनच चालायचे.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला. त्या नियमात १ वॉट शक्तीची मुभा होती, ती १० मेगाहर्ट्‌झ किंवा त्याहून अधिक पसाऱ्यात. म्हणजे १० पर्यंत आवळायला नियमातच जागा होती. पुढे आयआयटी मुंबईने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ लहरींवर इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग केला. तिथले एक चॅनेल ८ मेगाहर्ट्‌झचे. २० मेगाहर्ट्‌झचे वायफाय त्यात मावतच नाही. रुंदी कमी करता येणे हा तिथे हौसेचा भाग राहत नाही.

८०२.११एसीच्या पिढीपासून मात्र दार मिटत गेले. बहुतेक नव्या चिपमध्ये हा कारभार बंदिस्त फर्मवेअरकडे गेला आणि ५ व १० मेगाहर्ट्‌झ वापरणाऱ्याच्या आवाक्याबाहेर राहिले. मला याची खंत आहे. तीच युक्ती ‘हेलो’ या नावाने ८०२.११एएच मानकात परत आली: एसीचे घड्याळ दहापट संथ, चॅनेल १ मेगाहर्ट्‌झपासून १६ पर्यंत, आणि लहरी १ गिगाहर्ट्‌झच्या खालच्या. पण त्यासाठी नवी चिप, नवा राउटर विकत घ्यावा लागतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवर ५ मेगाहर्ट्‌झची लिंक टाकायची, तर आजही जुना एथ९केचा राउटरच शोधावा लागतो.