खान्देशी उन्हातली इवली रेसकार

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा सहज ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत रिमोटवर पळणारी १:१० मापाची टूरिंग कार डांबरावर उतरवायची, तर पहिला सामना उन्हाशीच.

उष्णतेने शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं सिलिकॉन तेल पातळ होतं, गाडी उसळू लागते. म्हणून उन्हाळ्यात जाड तेल भरतात. मोटार ८० अंशांपुढे तापत असेल, तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन (मोटारीवरचं छोटं दातेरी चाक) लावावा. टॉप स्पीड थोडा घटतो, पण मोटार वाचते.

बाकी खेळ मिलिमीटरचा. गुळगुळीत ट्रॅकवर गाडीचं पोट जमिनीपासून ५ मिलिमीटर वर पुरतं. आपल्याकडच्या खडबडीत डांबरावर थोडं जास्तच बरं. मागच्या चाकांची तोंडं दोन-तीन अंश आत वळवलेली असतात. वळणावर मागची बाजू सुटत असेल, तर मागची स्प्रिंग मऊ करून पाहावी. मात्र एका वेळी एकच बदल! दोन केले, की गुण कुणाचा ते कळत नाही.

काळ्या मातीची बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरते. फेऱ्या संपताच ती ब्रशने झाडावी. लिथियम-पॉलिमर बॅटरी उन्हात पार्क केलेल्या चारचाकीत ठेवणं हा तर निव्वळ वेडेपणा. घरी ती प्रति सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी आणि चार्जिंग चालू असताना तिथून हलू नये.