सगळ्यांचाच वाढदिवस १ जूनला कसा?

साठी ओलांडलेल्या अनेकांच्या कागदपत्रांवर जन्मतारीख १ जून असते. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली, की गुरुजी प्रवेशाला सोयीची तारीख लिहीत. रकाना भरला, मूल शाळेत बसले आणि ती तारीख जन्मभर चिकटली.

शाळेत हे निभावले, पण रुग्णालयात त्याचा त्रास होऊ शकतो. केसपेपर आता संगणकावर निघतो आणि जुनी नोंद शोधताना नाव व जन्मतारीख ताडून पाहिली जाते. नाव, आडनाव आणि १ जून हे तिन्ही जुळणाऱ्या दोन रुग्णांच्या नोंदींची अदलाबदल होऊ शकते. एकाची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नोंदीत गेली, तर पहिल्याच्या जिवावर बेतू शकते.

संगणकाचा फॉर्म चुका पकडू शकतो. हिमोग्लोबिन ७.२ ऐवजी ७२ लिहिले, तर त्याने अडवावे. दोन वर्षांच्या मुलाचे वजन १२ ऐवजी २१ किलो टाइप झाले, तर चूक लक्षात येण्यासाठी वय आणि वजन एकत्र पाहावे लागते. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने त्या मुलाला पॅरासिटामॉल १८० ऐवजी ३१५ मिलिग्रॅम जाईल.

१ जून मात्र या सगळ्या चाळण्यांतून सुटते, कारण ती तारीख म्हणून अगदी बरोबर आहे. चूक रकान्याची आहे. तो सक्तीचा आहे आणि त्यात ‘माहीत नाही’ला जागा नाही. मागे रांग असताना खिडकीवरचा कर्मचारी काहीतरी भरणारच.

उपाय अवघड नाही. पूर्ण तारीख, फक्त वर्ष, अंदाजे वय, माहीत नाही असे चार वेगळे प्रकार प्रोग्रॅममध्येच ठरवून देता येतात. आरोग्य नोंदींच्या ‘एफएचआयआर’ या जागतिक मानकात नुसते वर्ष लिहिण्याची मुभा आहे, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही हेच मानक घेतले आहे. रक्तदाबाचेही तसेच. ‘मोजला नाही’ म्हणजे शून्य नव्हे आणि १२०/८० तर नव्हेच. हिंजवडीत बसून असे फॉर्म बनवणाऱ्या तरुणांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

तरीही काही चुका फक्त माणूसच पकडतो. २०२१ मध्ये कोविनवर वेळ घेऊन केंद्रावर न गेलेल्या काहींना लस घेतल्याचा संदेश आला होता. फॉर्म नीट भरलेला होता, पण घडले काहीच नव्हते. म्हणून ८ मेपासून चार अंकी कोड आला. तो लाभार्थ्याने केंद्रावर सांगितल्याशिवाय नोंद पुढे जात नसे.

केसपेपर हाती आला, की नाव, वय, मुलाचे वजन आणि ॲलर्जी तिथेच वाचून घ्या. तारीख अंदाजे असेल तर डॉक्टरांना खरे वय सांगा. जुना केसपेपर सोबत आणा आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक दाखवा. नावे आणि तारखा जुळू शकतात, पण हा क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो.