विक्रोळीतलं 'विकास' इंजिन

ठाण्याहून मुंबईकडे धीमी लोकल सुटली की पाचवं स्थानक विक्रोळी. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कितीतरी घरांतून टर्नर, फिटर, टूलरूमची माणसं डबा घेऊन या मार्गावरच्या कारखान्यांत जात. कपाटं आणि कुलपांमुळे घराघरांत पोचलेल्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात याच कसबातून 'विकास' हे अग्निबाणाचं इंजिन घडतं. देशाचा अंतराळ उद्योग व्यापारी स्पर्धेला कितपत तयार आहे, हे मी श्रीहरिकोट्याच्या आधी इथे पाहीन.

'विकास'चं मूळ फ्रान्सच्या 'वायकिंग' इंजिनात. १९७४ साली करार झाला, आपले अभियंते तिकडे राहून ते तंत्र शिकले. १९८५च्या सुमारास गोदरेज इस्रोच्या कामात उतरलं. यातलं इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांना नुसते भिडले तरी पेट घेतात, ठिणगी लागत नाही. दोन्ही विषारी. त्यामुळे गळती हा शब्दच इथे चालत नाही. प्रत्येक वेल्डिंग, प्रत्येक सांधा तपासूनच पुढे जातो. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यात असं एक इंजिन असतं, एलव्हीएम-३ अग्निबाणाच्या मधल्या टप्प्यात दोन. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणात हीच जोडी होती. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरनेही अग्निबाणांच्या मोटरची पोलादी आवरणं अशीच वर्षानुवर्षं बनवली आहेत. हाताच्या कौशल्याबद्दल मला जराही शंका नाही.

शंका आहे ती वेगाची आणि मालकीची. आराखडा इस्रोचा, ग्राहक इस्रो, चाचणीही महेंद्रगिरीला इस्रोच्याच केंद्रात, अशी ही घडी चार दशकं चालली. २०२० साली खासगी उद्योगांना वाट करून देणारं 'इन-स्पेस' आलं, २०२३ला अंतराळ धोरण, २०२४ला परकीय गुंतवणुकीची दारं रुंदावली. एचएएल आणि एल अँड टी यांच्या जोडीला २०२२मध्येच पाच पीएसएलव्ही अख्खे बांधून देण्याचं काम मिळालं होतं. पण २०२४ साली भारतातून इस्रोची पाच उड्डाणं झाली. अमेरिकेच्या एकट्या फाल्कन-९ अग्निबाणाची शंभराहून जास्त. हा फरक थेट कारखान्यात जाणवतो. एका कामासाठी घेतलेलं महागडं यंत्र पुढची ऑर्डर येईपर्यंत थांबून राहतं, बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि तयार झालेला वेल्डर दुसरीकडे निघून जातो. मोठी कंपनी हे सोसते. तिला सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार सोसू शकत नाही, आणि साखळी तुटते ती तिथेच.

दुसरी अडचण अशी की जग पुन्हा वापरता येणाऱ्या, रॉकेलवर किंवा मिथेनवर चालणाऱ्या इंजिनांकडे वळलं आहे. 'विकास' कितीही सफाईने घडवलं तरी त्याचा आराखडा जुन्या पिढीचा. म्हणून मला आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या 'मनस्तू स्पेस'सारख्या कंपनीकडे आशेने पाहावंसं वाटतं. हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेल्या, कमी विषारी इंधनाची तिची उपग्रह-प्रणोदन यंत्रणा डिसेंबर २०२४च्या पीएसएलव्ही-सी६०वरून अवकाशात गेली. यंत्रणा छोटी आहे, पण आराखडा तिचा स्वतःचा.

गोदरेजने खालापूरला अडीचशे कोटींचा नवा कारखाना जाहीर केला आहे. त्यात कोणाच्या आराखड्याचं इंजिन बनेल आणि वर्षाला किती, यावरून मी पुढची दहा वर्षं मोजणार आहे.