विली नेल्सन : गीतकाराचे कर्तृत्व आणि गायकाचे कर्तृत्व

अमेरिकेतील कंट्री संगीताविषयीच्या लेखनात ‘गीतकार-गायक’ ही संज्ञा सर्रास योजिली जाते. एकाच व्यक्तीने गीत रचावे, त्यास चाल द्यावी व ते स्वतः गावे, एवढाच तिचा अर्थ समजला जातो. विली नेल्सन याच्या दीर्घ कारकीर्दीस मात्र ही संज्ञा जशीच्या तशी लागू पडत नाही. त्याच्या ठायी ही दोन कर्तृत्वे सुमारे पंधरा वर्षे जवळजवळ विभक्त राहिली. आणि त्यांचा मेळ बसला तोही अनपेक्षित रीतीने.

नेल्सनचा जन्म १९३३ साली टेक्सस राज्यातील ॲबट या लहानशा गावी झाला. आजी-आजोबांनी त्याचे संगोपन केले व संगीताचे पहिले पाठही दिले. १९६० साली तो नॅशव्हिल येथे आला. तत्पूर्वीच ‘फॅमिली बायबल’ हे गीत ५० डॉलरांस व ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरांस त्याने विकून टाकले होते.

नॅशव्हिलची तत्कालीन व्यवस्था श्रमविभागाच्या तत्त्वावर उभी होती. प्रकाशनसंस्थेने गीतकार पदरी बाळगावा, त्याच्या गीताचे साधे नमुनामुद्रण करावे, निर्मात्याने त्यातून नामांकित गायकासाठी निवड करावी, आणि ठरलेल्या वादकांनी साथ करावी, असा तो क्रम होता. या व्यवस्थेत नेल्सनचे गीतकार म्हणून चांगलेच बस्तान बसले. १९६१ साली फॅरन यंग याने गायिलेले ‘हॅलो वॉल्स’ कंट्री गीतांच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी गेले. त्याच वर्षी पॅट्सी क्लाइन हिने ‘क्रेझी’ अजरामर केले. १९६२ साली त्याची स्वतःची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली, पण तिला यश आले नाही.

याचे कारण त्याच्या उच्चारणपद्धतीत शोधावे लागते. नेल्सन ओळ ठेक्यावर बसवीत नाही. ती तो ठेक्याच्या मागे रेंगाळू देतो, क्वचित पुढे लोटतो, आणि शेवटी वाद्यांस येऊन मिळतो. स्वर बोलण्याच्या जवळचा, किंचित अनुनासिक. चेट ॲटकिन्ससारख्या जाणत्या निर्मात्याच्या देखरेखीखालीही आरसीए कंपनीच्या मुद्रणांत या गायनाभोवती अनेकदा तंतुवाद्यांचा व समूहस्वरांचा भरणा होई. अशा भरगच्च साथीत त्याची लयीशी चाललेली चाळवाचाळव कला न वाटता चूक वाटे.

१९७२ साली तो टेक्ससमधील ऑस्टिन येथे स्थायिक झाला. पुढे कोलंबिया कंपनीशी झालेल्या करारात त्याने निर्मितीचे स्वातंत्र्य मिळविले आणि १९७५ साली ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही ध्वनिमुद्रिका अत्यल्प वाद्यांच्या साथीवर सिद्ध केली. कंपनीच्या काही अधिकाऱ्यांस ती नमुनामुद्रणच वाटली. त्यांचा समज अगदीच चुकीचा होता असे नाही. गीतकाराच्या खोलीतील गाणेच येथे प्रथम बाजारात आले होते. गायक म्हणून त्यास पहिले स्थान मिळवून देणारे त्यातील ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे गीत मात्र फ्रेड रोज याने रचलेले. १९७८ सालच्या ‘स्टारडस्ट’मध्येही जुनी, इतरांची लोकप्रिय गीते होती आणि ती मुद्रिका कंट्रीच्या क्रमवारीत सुमारे दहा वर्षे टिकली. ज्याची गीते इतरांनी गाजविली, तो स्वतः गाजला इतरांच्या गीतांवर! येथे कर्तृत्व शब्दरचनेत जितके आहे तितकेच ओळ उच्चारण्यात आहे, असे मानल्यावाचून या घटनेचा उलगडा होत नाही. अर्थात रचना थांबली नव्हती. ‘ऑन द रोड अगेन’ हे १९८० सालच्या एका चित्रपटासाठी त्याने लिहिले.

१९९० साली सुमारे १ कोटी ६७ लक्ष डॉलरांच्या करथकबाकीपोटी सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली. कर्जफेडीसाठी जी मुद्रिका विक्रीस काढण्यात आली तीत स्वरचित जुनी गीते होती, आणि साथीस होती केवळ त्याची गिटार: १९६९ पासून त्याच्याजवळ असलेली, नायलॉनच्या तारांची, वाजवून वाजवून जिच्या लाकडास भोक पडले आहे ती.