राजूर घाटाला चोवीस दाते

मलकापूरला रेल्वेतून उतरून सायकलने बुलढाण्याला निघालं, तर मोताळ्यापर्यंत फारसं काही जाणवत नाही. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन आणि जवळपास सपाट रस्ता. मग समोर अजिंठ्याच्या रांगेची कड उभी राहते आणि राजूर घाट लागतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर, तर बुलढाणा ६५० च्या आसपास. वाट ४५ किलोमीटरची, पण चढाचा मोठा हिशेब हा एकटा घाट वसूल करतो. इथेच गियरच्या सायकलींची परीक्षा होते आणि पहिली तक्रार पायाखालून येते. वळणावर उभं राहून जोर लावला की 'टक्'. पुढच्या फेरीला पुन्हा 'टक्'.

हा आवाज पायडलचा असू शकतो, छर्ऱ्यांचा असू शकतो. पण पुष्कळदा तो क्रँकचा निघतो. क्रँक म्हणजे पायडल ज्या दोन दांड्यांना लावलेलं असतं त्या दांड्या आणि उजव्या दांडीवरच्या दातेरी चकत्या, म्हणजे चेनव्हील. हे सगळं पेलतो फ्रेमच्या पोटातला आस, ज्याला दुकानात नुसतं 'बीबी' म्हणतात. घाट चढताना माणसाचं सगळं वजन या जोडणीवर येतं.

जुन्या काळ्या सायकलीत ही जोडणी कोटर पिनची असे. आसावर खाच, दांडीत भोक, आणि दोघांना अडकवणारी लोखंडी पाचर. पिन झिजली की मिस्त्री हातोडीने ती काढायचा, नवी ठोकायचा, नट आवळायचा आणि गिऱ्हाईक बाजाराला जायचं. स्वस्त आणि कुठल्याही खेड्यात होणारी दुरुस्ती. आजच्या साध्या गियरच्या सायकलीत पाचर नाही. आसाची टोकं चौकोनी असतात, टोकाकडे किंचित निमुळती, आणि दांडीच्या चौकोनी भोकात ती घट्ट रुतून बसतात. बोल्ट दांडीला त्या उतारावर चढवतो आणि तिथेच दाबून धरतो.

गोम अशी, की आस पोलादाचा आणि दांडी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची. बोल्ट ढिला राहिला की दर फेरीला कडक पोलाद मऊ ॲल्युमिनियमला थोडंथोडं कुरतडतं. असा 'टक्'चा आवाज घेऊन आठवडाभर शाळा-शिकवणी केली, की चौकोनाचे कोपरे गोल होतात. मग बोल्ट कितीही आवळा, उपयोग नाही. ती दांडी संपली. म्हणून पहिल्याच 'टक्'ला थांबून पाना लावावा. अशा बोल्टला साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर आवळण लागते. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १४ ते २० किलोंचा दाब. खिशातली इवलीशी ॲलन की तिथवर पोचत नाही.

दांडी संपली म्हणजे नवी आली, आणि नवीच घ्यायची तर 'भारीतली' का नको, हा पुढचा प्रश्न. मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी सायकलींना पुढे एकच चेनव्हील असतं. दिसायला सुटसुटीत, पुढचा गियर नाही, त्याची केबल नाही. तीन चकत्यांचा जुना क्रँक काढून ३२ दात्यांचा एकेरी क्रँक बसवायचा, हा बेत त्यातूनच निघतो. मोह समजण्यासारखा आहे, पण राजूर घाटाखाली राहणाऱ्याने आधी एक भागाकार करावा.

सुरुवातीच्या किमतीच्या गियर सायकलींवर पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांचं सात चकत्यांचं फ्रीव्हील ही जोडी नेहमीची. सर्वांत हलका गियर म्हणजे पुढे २४, मागे २८. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक ०.८६ वेळा फिरतं. २६ इंची चाक आणि मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या, तर वेग येतो ताशी ६.३ किलोमीटर. घाटात हाच वेग झेपतो. आता पुढे एकेरी ३२ बसवा, मागचं तसंच ठेवा. एका फेरीत चाक १.१४ वेळा फिरणार. त्याच ६० फेऱ्यांना ताशी ८.४ किलोमीटर काढावे लागणार, म्हणजे पायांना एकतृतीयांश जड गियर. ते जमत नसेल तर फेऱ्या ४५ वर येतात, गुडघे बोलू लागतात आणि माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. पैसे देऊन घाट वाढवून घेतल्यासारखं झालं!

मग परदेशात एकेरी चेनव्हील कसं चालतं? उत्तर मागच्या चाकात आहे. डोंगरी सायकलीचा जन्मच उताराचा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या, जड सायकली ट्रकमध्ये घालून डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने खाली सोडत. १९७६ पासून तिथे शर्यतीही होऊ लागल्या. ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. त्या शर्यतीचं 'रिपॅक' हे नाव त्यावरूनच पडलं. पुढे त्याच सायकलींवर बसून वरही चढायचं ठरलं, तेव्हा दूरच्या प्रवासाच्या सायकलींवरचे तीन चकत्यांचे क्रँक उसने आले. तीन चकत्या तेव्हापासून मुक्कामाला राहिल्या. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने मागे १० ते ४२ दात्यांची अकरा चकत्यांची कॅसेट आणली आणि पुढचं चेनव्हील एकच ठेवलं. ३२ ला ४२ ने भागलं तर ०.७६ येतात, म्हणजे आपल्या २४-२८ पेक्षाही हलका गियर. २०१६ मध्ये मागचा आकडा ५० वर गेला. पुढच्या दोन चकत्या गेल्या, कारण त्यांचं काम मागच्या मोठ्या चकतीने उचललं. नक्कल करताना आपण पुढचा अर्धा भाग घेतो आणि मागचा विसरतो.

म्हणून मूळ क्रँक धड असेल आणि तक्रार फक्त चढाची असेल, तर क्रँकला हात न लावणं हाच शहाणपणा. त्याऐवजी १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील लावावं. पुढे २४, मागे ३४ म्हणजे ०.७१; घाट एकदम १८ टक्क्यांनी हलका. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, ३४ दाते पेलतात का, हे त्याच्या मॉडेल नंबरावरून बघून घ्यायचं आणि चेन चार-दोन कड्या लांब घ्यायची. काम एवढंच.

तरीही क्रँक बदलायचाच असेल, तर ऑर्डर देण्याआधी सायकल उलटी करून मोजमाप करावं लागतं. त्यातलं पहिलं माप आसाचं. चौकोनी आसाची लांबी ११०.५, ११३, १२२.५ मिलिमीटर अशी वेगवेगळी मिळते. तीन चकत्यांच्या क्रँकसाठी दिलेल्या लांब आसावर दुसरा क्रँक चढवला तर तो चढेल, पण चेनव्हील कुठे येईल याची हमी नाही. शिवाय चौकोनातही जपानी आणि युरोपी अशी दोन मापं आहेत. उतार सारखाच, टोकाची जाडी वेगळी, त्यामुळे दांडी कमी-जास्त आत जाते. आपल्याकडच्या गियर सायकलींत जपानी मापच जास्त दिसतं.

थोडे पैसे आणखी घातले तर आस पोकळ नळीचा येतो. शिमानोने २००३ च्या सुमारास वरच्या दर्जाच्या डोंगरी क्रँकमध्ये २४ मिलिमीटर जाडीचा पोकळ आस उजव्या दांडीला कायमचा जोडला आणि छर्रे फ्रेमच्या बाहेर, दोन्ही बाजूंच्या कपांत नेले. जाड नळी पीळ कमी खाते आणि वजनही उतरतं. स्रॅमने २०१८ मध्ये २८.९९ मिलिमीटरचा स्वतःचा आस काढला. एकाचे कप दुसऱ्याच्या आसाला चालत नाहीत. क्रँक एका कंपनीचा आणि बीबी स्वस्तात मिळाली म्हणून दुसऱ्या मापाची, अशी खरेदी घरी पोचते आणि खोक्यातच राहते.

हे कप ज्या नळीत बसतात, ती फ्रेमच्या पाइपांच्या संगमावरची आडवी नळी म्हणजे बीबी शेल. तिची रुंदी साधारण ६८ किंवा ७३ मिलिमीटर. आत आटे असतील तर ते बहुधा 'बीएसए' मापाचे: व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. हे नाव विदर्भातल्या कुणालाही परकं वाटू नये. पोरवयात 'बीएसए एसएलआर'वर कैची मारणाऱ्यांची अख्खी पिढी आज पन्नाशीत आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली निघालेला इंग्लंडमधला बंदुकांचा कारखाना. बोधचिन्हातही तीन बंदुका. बंदुकांना मागणी नसे तेव्हा हाताशी असलेल्या यंत्रांवर सायकली निघू लागल्या, आणि त्या कारखान्याच्या आट्यांचं माप पुढे जगभरच्या फ्रेमांत जाऊन बसलं. भारतात १९४९ मध्ये सुरू झालेल्या टीआय सायकल्सने ते नाव गावोगावी पोचवलं.

पोकळ आसाचे बाहेरचे कप ६८ आणि ७३ दोन्हींना चालतात, त्यामागची युक्ती गमतीची आहे. सोबत २.५ मिलिमीटर जाडीच्या तीन चकत्या, म्हणजे स्पेसर येतात. शेल ६८ चं असेल तर उजवीकडे दोन, डावीकडे एक. ७३ चं असेल तर फक्त उजवीकडे एक. ६८ अधिक ७.५ म्हणजे ७५.५, ७३ अधिक २.५ म्हणजेही ७५.५. हिशेब जुळला. या चकत्या फालतू समजून डब्यात टाकून दिल्या की आस एका बाजूला सरकतो आणि क्रँक एकतर जाम होतो नाहीतर खुळखुळतो.

आणि आट्यांची दिशा! बीएसए शेलमध्ये उजवीकडचा, म्हणजे चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. तो काढायला घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. नेहमीच्या सवयीने उलटा जोर लावणारा माणूस तो आणखी आवळत बसतो, मग पान्याला पाइप घालतो, आणि शेवटी फ्रेमचे आटे उखडतात. पायडलमध्ये उलट प्रकार, तिथे डावं पायडल उलट्या आट्यांचं. पायडलच्या टोकावर उजव्या-डाव्याचं अक्षर कोरलेलं असतं. हाताने दोन-तीन फेऱ्या सहज गेलं नाही तर ते चुकीच्या बाजूला लागतंय असं समजावं. महागड्या फ्रेमांत आटेच नसतात, कप दाबून बसवतात. त्यांची मापं हा वेगळाच पसारा आहे.

चौकोनी आसावरून दांडी काढण्याचं काम बघण्यासारखं असतं. आधी प्लॅस्टिकची टोपी निघते, मग बोल्ट. दांडी तरीही हलत नाही. वर्षानुवर्षांचा दाब आणि पावसाचं पाणी तिला धरून बसलेलं असतं. मग दांडीच्या २२ मिलिमीटरच्या आट्यांत पुलर फिरवायचा, शेवटच्या आट्यापर्यंत, हातानेच. त्यानंतर मधला स्क्रू आवळत गेलं की तो आसाला आत रेटतो आणि दांडी बाहेर ओढतो. एक करकर आवाज येतो आणि दांडी हातात येते. पुलर अर्धाच बसवलेला असेल तर दांडी नाही, तिचे आटे बाहेर येतात. मग हातोडीला पर्याय नाही.

नवा क्रँक बसला तरी चेनची रेषा बघायची राहते. सीटखालच्या उभ्या पाइपच्या मध्यापासून चेनव्हीलपर्यंतचं अंतर म्हणजे चेनलाइन. तीन चकत्यांत हे माप मधल्या चकतीपर्यंत धरतात आणि ते साधारण ४७.५ ते ५० मिलिमीटर असतं. मागचं हब १४८ मिलिमीटर रुंदीचं, 'बूस्ट' नावाचं असेल तर ५२. रेषा फार बाहेर गेली की मागच्या मोठ्या चकतीवर चेन तिरकी धावते, घासते आणि नेमकी चढात उतरते. फार आत आली तर चेनव्हीलच फ्रेमच्या खालच्या पाइपला घासतं. पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या पांधणीतून जाणाऱ्याने ही फट जास्त ठेवावी. ओली माती टायरपासून क्रँकपर्यंत सिमेंटसारखी बसते.

चकत्या बदलता येतील का, हेही आधीच बघावं. साध्या क्रँकमध्ये त्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात; एक झिजली की सगळाच क्रँक जातो. बोल्टच्या क्रँकमध्ये बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास जुळावा लागतो, डोंगरी सायकलींत १०४ मिलिमीटर आणि चार बोल्ट हे जुनं, सहज मिळणारं माप. एकेरी चेनव्हीलचे दाते आळीपाळीने जाड-बारीक असतात, त्यामुळे चेन उडत नाही. दांडीची लांबी मागच्या बाजूला कोरलेली असते, १६५, १७० किंवा १७५. बुटक्या माणसाने १७५ घेऊन उगाच ढोपर छातीला लावू नये.

आणि नव्या क्रँकवर जुनी चेन चढवण्याआधी शाळेची फूटपट्टी घ्यावी. चेनच्या बारा जोड्यांची लांबी, एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंत, बरोबर १२ इंच भरली पाहिजे. सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायची. अष्टमांश इंच जास्त भरली, तर मागचं फ्रीव्हीलही त्या चेनबरोबर झिजलेलं असतं. तेही नवं घ्यावं लागणारच असेल, तर यावेळी ३४ दात्यांचं मागावं.