सायकलीने कापलेले अंतर : भ्रमणध्वनीचा आकडा कितपत ग्राह्य ?

मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्राच्या मागास तालुक्यांत, शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर राहणाऱ्या गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या आहेत. अशा योजनांत घर ते शाळा हे अंतर निर्णायक ठरते. एखादा शिक्षक किंवा पंचायत सदस्य भ्रमणध्वनी खिशात ठेवून सायकलवरून फेरी मारतो आणि पडद्यावर ४.९४ किंवा ५.०६ असा आकडा उमटतो. दशांशचिन्हापुढील अंकांमुळे तो बिनचूक भासतो. परंतु तो तसा असतोच असे नाही.

वस्तुतः भ्रमणध्वनी अंतर मोजीत नाही, स्थान मोजतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून किमान चार उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित होते. या वेळेत सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तरी उपग्रहापासूनच्या अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. मोकळ्या आकाशाखाली स्थानातील चूक साधारणतः ५ मीटरच्या आसपास असते. दाट झाडी, उंच इमारती किंवा घाटातील कडे यांवरून परावर्तित झालेले संदेश मिसळले की ती वाढते.

ही स्थाने सरळ रेषांनी जोडून अंतराची बेरीज होते. येथे परस्परविरोधी दोष संभवतात. स्थाने इकडेतिकडे सरकल्यास सरळ रस्ताही नागमोडी होऊन लांबतो. फाटकापाशी थांबलेली सायकलसुद्धा कागदोपत्री काही मीटर चालते! उलट वळणे कापली जातात. घाटातील १० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार वळण ३१.४ मीटर लांबीचे असते. ताशी १८ किलोमीटर वेगाने ते सुमारे सहा सेकंदांत संपते. बॅटरी वाचविण्यासाठी दर सहा सेकंदांनी एकच नोंद होत असेल, तर २० मीटरच हिशेबात येऊ शकतात. उंचीचे आकडे तर याहूनही कच्चे असतात.

म्हणूनच मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग अधिकृतपणे मोजताना जीपीएस ग्राह्य धरले जात नाही. तेथे सायकलच वापरतात, पण तिच्या पुढच्या चाकाला १९७१ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या जोन्स गणकासारखा फेरे मोजणारा गणक बसवून. मार्ग तोकडा पडू नये म्हणून हजारी एक, म्हणजे सुमारे ४२ मीटर, अंतर जादा धरतात.

गावातही हे सहज करता येते. भ्रमणध्वनीने जाता-येता दोन्ही वेळा मोजणी करावी. निघण्यापूर्वी मोकळ्या जागी स्थान स्थिर होऊ द्यावे. आकडा मर्यादेच्या शंभरएक मीटर अलीकडे-पलीकडे आला, तर त्यावरून कोणत्याही मुलीचा अर्ज फेटाळू नये. चाकाला फेरेमापक लावावा आणि स्वार बसलेला असताना दहा फेऱ्यांची लांबी पोलादी फितीने मोजून परीघ काढावा. तो २.२० मीटर असेल, तर ५ किलोमीटरला सुमारे २,२७३ फेरे होतात. परिघात एका सेंटिमीटरची चूक झाल्यास एकूण अंतरात २३ मीटरांचा फरक पडतो. यास्तव हवा भरून घेऊन त्याच दिवशी दोन्ही मोजण्या कराव्यात.